२,१४,७४,८३,६४७ : या संख्येचं मूळ असणं कुठे कामाला येतं, कुठे नाही

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. प्रोग्रॅमिंग करणाऱ्या पुष्कळांना ही संख्या पाठ असते, कारण ३२ बिटांच्या (० किंवा १ मावणाऱ्या ३२ घरांच्या) खणात चिन्हासकट मावणारी ती सर्वांत मोठी पूर्णांक संख्या आहे. गणितवाले तिला वेगळ्या कारणाने ओळखतात: ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. या दोन गोष्टी बऱ्याचदा एका दमात सांगितल्या जातात, जणू मूळ आहे म्हणूनच कॉम्प्युटरने तिला मर्यादा म्हणून निवडलं. तसं मुळीच नाही. मात्र दुसऱ्या काही ठिकाणी कॉम्प्युटरला तिच्या मूळ असण्याचा खरोखर उपयोग होतो, आणि ती ठिकाणं जास्त सुंदर आहेत. तिथे जाण्याआधी एक जुना प्रश्न सोडवू: ही संख्या मूळ आहे हे कॉम्प्युटर नसताना कळलं कसं?

४,७९२ भागाकार कोण करणार?

शाळेतली रीत सगळ्यांना आठवत असेल. संख्येला २ ने भागून बघायचं, मग ३ ने, ५ ने, ७ ने, असं मूळ संख्या घेत घेत वर्गमूळापर्यंत जायचं. त्यापुढे जायची गरज नाही, कारण दोन अवयवांचा गुणाकार केला तर दोन्ही अवयव वर्गमूळाहून मोठे असूच शकत नाहीत. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे, आणि तिथपर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. म्हणजे दहा अंकी संख्येचे ४,७९२ भागाकार, हाताने, आणि त्याआधी मूळ संख्यांचा एवढा मोठा तक्ता तयार हवा. चूक एकाही ठिकाणी चालणार नाही.

इटलीतल्या बोलोन्याचा गणितज्ञ पिएत्रो काताल्दी याने १५८८ मध्ये ह्याच रीतीने ५,२४,२८७ ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं होतं. तिला १२८ भागाकार पुरतात. ही संख्या म्हणजे २ चा १९वा घात वजा १. उत्साहाच्या भरात त्याने पुढचंही सांगून टाकलं: २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांक घेतले तरी मूळ संख्याच मिळेल. चारांतली तीन विधानं चुकली. २३ आणि ३७ ही दोन फ्रेंच गणितज्ञ फेर्माने १६४० मध्ये खोडून काढली, २९ चं ऑयलरने. ३१ चं तेवढं बरोबर निघालं, आणि २ चा ३१वा घात वजा १ म्हणजेच आपली संख्या. पण बरोबर निघालेला अंदाज म्हणजे सिद्धता नव्हे. ती आली १७७२ मध्ये, लिओनार्ड ऑयलरच्या एका पत्रातून.

ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये होता, वय पासष्टच्या आसपास. एका डोळ्याची दृष्टी तिशीतच गेली होती. दुसऱ्यात मोतीबिंदू झाला, १७७१ ची शस्त्रक्रिया फसली, आणि तो जवळजवळ आंधळा झाला. मला यातली कमाल त्याच्या स्मरणशक्तीची वाटत नाही, तिचे किस्से पुरेसे सांगून झालेत. कमाल आहे ती त्याने काम किती कमी करून टाकलं याची. ४,७९२ भागाकारांपैकी बहुतेक करायचीच गरज नाही, हे त्याला माहीत होतं.

ते कसं, हे एका लहान संख्येवर बघू. २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २,०४७. ही मूळ नाही. तिचे अवयव २३ आणि ८९. आता २ चे घात घ्या, प्रत्येकाला २३ ने भागा आणि फक्त बाकी लिहा:

१, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२

पुढची बाकी २४ मधून २३ गेले की १, म्हणजे फेरी पूर्ण झाली. फेरी नेमकी ११ पावलांची आहे, आणि तशीच असायला हवी: २३ ने २,०४७ ला पूर्ण भाग जातो याचाच अर्थ २ च्या ११व्या घाताला २३ ने भागल्यावर बाकी १ उरते.

या फेरीत सगळ्या बाक्या आल्या नाहीत. ५ राहिला. मग ५ पासून सुरू करून तसंच दुप्पट करत जा: ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४, आणि पुन्हा ५. ही फेरीही ११ पावलांची. दोन्ही फेऱ्यांत एकही बाकी सामाईक नाही, आणि दोन्ही मिळून १ ते २२ या सगळ्या बाक्या संपल्या. हा योगायोग नाही. २ सोडून कुठलाही मूळ भाजक घ्या, दुपटीच्या फेऱ्या नेहमी सारख्या लांबीच्या पडतात आणि एकमेकींत मिसळत नाहीत. त्यामुळे भाजकातून १ वजा केला की उरणाऱ्या संख्येला फेरीच्या लांबीने पूर्ण भाग जातो. इथे २२ ला ११ ने जातो. दुसऱ्या अवयवाचं बघा: ८९ वजा १ म्हणजे ८८, त्यालाही ११ ने जातो.

हीच युक्ती आपल्या संख्येला लावू. तिला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर त्या भाजकाच्या जगात २ ची फेरी ३१ पावलांची असणार. (याहून छोटी का नाही? छोट्या फेरीची लांबी ३१ ला भागायला हवी, आणि ३१ स्वतः मूळ आहे.) म्हणजे भाजक वजा १ ही ३१ ची पट. भाजक विषम असल्यामुळे ती ६२ ची पट. उमेदवार एका झटक्यात उरले: ६३, १२५, १८७, २४९, ३११, ३७३... प्रत्येक जण ६२ च्या पटीहून १ ने मोठा. ३, ५, ७, ११, १३ या नेहमीच्या मंडळींना विचारायचंच नाही.

याच्यावर आणखी एक चाळणी आहे: भाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरायला हवी. हिची सिद्धता इथे देत बसलो तर लेख तिथेच अडकेल, म्हणून फक्त वापरतो. पडताळा मात्र लगेच घेता येतो: २३ ला ८ ने भागलं तर बाकी ७, ८९ ला भागलं तर १. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की भाजक २४८ च्या पटीहून १ ने किंवा ६३ ने मोठा असावा लागतो, तिसरा प्रकार नाही.

आता मोजा. ४६,३४० पर्यंत अशा संख्या ३७३. त्यातल्याही मूळ नसलेल्या गाळल्या तर ऐंशी-पंच्याऐंशी उरतात. सुरुवातीच्या बघितल्या तर फरक डोळ्यांत भरतो. २४९ ला ३ ने भाग जातो, ती बाद. ३११ मूळ आहे, ती ठेवा. ४९७ ला ७ ने जातो, ५५९ ला १३ ने, ७४५ ला ५ ने, ८०७ आणि ९९३ ला ३ ने, १,०५५ ला ५ ने, १,२४१ ला १७ ने. सगळ्या बाद. पुढची मूळ संख्या येते ती थेट १,३०३. म्हणजे १,३०० पर्यंतच्या दोनशेहून जास्त मूळ संख्यांच्या जागी एकच भागाकार करायचा, ३११ चा. तो केला की बाकी उरते ३५. भाग जात नाही. पुढे चला.

दोन-तीन दिवस वेळ आणि चिकाटी असेल तर हे काम आज कुणीही कागदावर करू शकेल. कुठलाच भाजक लागू पडत नाही, म्हणून संख्या मूळ. माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हा मान तिच्याकडे त्यानंतर ऐंशीहून जास्त वर्षं राहिला.

एकतीस एक

२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हा पॅरिसमधला धर्मगुरू. युरोपातल्या गणितज्ञांचा पत्रव्यवहार त्याच्याकडून फिरायचा. १६४४ मध्ये त्याने २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना अशी मूळ संख्या मिळते याची यादी दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. यातले ६७ आणि २५७ चूक, आणि ६१, ८९, १०७ राहून गेलेले. तरी नाव त्याचंच राहिलं. ६७ च्या बाबतीतला शेवट न्यूयॉर्कमध्ये झाला. १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन गणित संस्थेच्या बैठकीत फ्रँक कोल याने त्या २१ अंकी संख्येचे अवयव मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. ती संख्या मूळ नाही हे फ्रेंच गणितज्ञ लुकासने १८७६ मध्येच दाखवलं होतं, पण अवयव न सापडता. हे विचित्र वाटेल. त्याच्याकडे पुढे येतोच.

घातांक मूळच का लागतो, हे द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिलं की दिसतं. २ चा कुठलाही घात वजा १ म्हणजे द्विमान पद्धतीत नुसते १ एकापुढे एक. आपली संख्या म्हणजे एकतीस एक. आता सहा एक घ्या: १११ १११. ही संख्या १११ ला १००१ ने गुणून मिळते, दशमान पद्धतीत ७ गुणिले ९ बरोबर ६३. एकांची रांग सारख्या गटांत वाटता आली की संख्येचे अवयव पडलेच. म्हणून एकांची संख्या मूळ हवी. पण तेवढ्याने भागत नाही, हे अकरा एकांच्या २,०४७ ने आधीच दाखवलंय.

आपल्या संख्येचा पुढचा शेजारी बघण्यासारखा आहे. रांगेत आणखी एक १ वाढवा. बत्तीस एक झाले. ही ४,२९,४९,६७,२९५ संख्या पार विखुरते: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. हे पाचही अवयव २ च्या कुठल्या ना कुठल्या घाताहून बरोबर १ ने मोठे आहेत. एकतीस एकांना तडा जात नाही आणि बत्तीस एकांचा असा नेटका चुरा होतो.

मर्सेन मूळ संख्येबरोबर एक परिपूर्ण संख्या फुकट मिळते. परिपूर्ण म्हणजे जिच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच होते: ६ = १ + २ + ३, मग २८, ४९६, ८१२८. युक्लिडपासून माहीत असलेला नियम सांगतो की मर्सेन मूळ संख्येला तिच्या घातांकाहून एकने कमी अशा २ च्या घाताने गुणा, परिपूर्ण संख्या हजर. आपल्या संख्येला २ च्या ३०व्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ मिळते, क्रमाने आठवी.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने हिच्याबद्दल लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधी सापडणार नाही. या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा कोण कशाला शोधत बसेल. उपयोगाबद्दलचं त्याचं मत त्या काळापुरतं समजून घेता येतं. माणसांबद्दलचा अंदाज मात्र साफ चुकला. १८७६ मध्ये लुकासने १२७ घातांकाची संख्या मूळ असल्याचं दाखवलं, १८८३ मध्ये रशियातल्या इव्हान पेर्वुशिन नावाच्या पाद्र्याने ६१ ची. आज अशा ५२ संख्या माहीत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट याने जाहीर केलेल्या सर्वांत मोठ्या संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे आणि अंक ४,१०,२४,३२०. अशा संख्या अनंत आहेत का, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

चार कोटी अंकांच्या संख्येचे भागाकार कोण करणार? कुणीच नाही. त्यासाठी लुकासने सुचवलेली आणि पुढे अमेरिकन गणितज्ञ लेहमरने नेटकी केलेली कसोटी आहे, आणि ती इतकी साधी आहे की आधी खरी वाटत नाही. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, जी संख्या तपासायची तिने भागून बाकी ठेवा. हेच पुन्हा पुन्हा, घातांकाहून दोनने कमी इतक्या वेळा. शेवटी ० आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर नाही. ३१ वर करून बघा (घातांक ५, म्हणून तीन वेळा): ४ वरून १४, १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, बाकी ८, ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२, बाकी ०. मूळ. २,०४७ वर नऊ वेळा केलं तर शेवटी १,७३६ उरतात, म्हणून मूळ नाही. यात २३ किंवा ८९ यांचं नावही निघालं नाही. अवयव माहीत नसतानाही ‘अवयव आहेत’ एवढं छातीठोकपणे सांगता येतं ते असं. ऑयलरच्या संख्येला या कसोटीच्या २९ पायऱ्या लागतात.

जिथे मूळ असण्याचा काही संबंध नाही

आता कॉम्प्युटरची मर्यादा. ३२ बिटांचा खण, त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी, उरले ३१. सगळे १ भरले की आपली संख्या. तिच्यात आणखी १ मिळवला तर अनेक प्रोग्रॅममध्ये उत्तर थेट −२,१४,७४,८३,६४८ येतं, स्कूटरच्या जुन्या मीटरचे सगळे ९ उलटून शून्य यावेत तसं, फक्त इथे शून्याऐवजी उणे टोक येतं.

डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याच्या व्हिडिओची प्रेक्षकसंख्या या आकड्यापाशी पोचली, आणि मोजणी ६४ बिटांवर नेल्याचं कंपनीने जाहीर केलं. याहून गंभीर प्रकरण १९ जानेवारी २०३८ चं आहे. युनिक्स घराण्यातल्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात. ज्या जुन्या यंत्रांत ही मोजणी अजून ३२ बिटांत आहे, तिथे त्या दिवशी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी खण भरेल, आणि पुढच्या सेकंदाला यंत्राला वाटेल की आपण डिसेंबर १९०१ मध्ये आहोत. मोबाइल आणि नव्या सर्व्हरचं बहुतेक काम आधीच ६४ बिटांवर गेलंय. चिंता आहे ती भिंतीत, कारखान्यात, वाहनात बसवून विसरलेल्या छोट्या यंत्रांची.

या सगळ्यात मूळ असण्याने काय फरक पडतो? काहीच नाही. १६ बिटांची मर्यादा ३२,७६७ आहे, म्हणजे ७ × ३१ × १५१. ६४ बिटांच्या मर्यादेलाही ७ ने भाग जातो. दोन्ही खण मजेत चालतात. ३२ बिटांच्या खणात मूळ संख्या आली, कारण ३१ ही मर्सेनच्या यादीतली नशीबवान संख्या निघाली.

जिथे सगळं मूळ असण्यावरच उभं आहे

कॉम्प्युटरला यादृच्छिक, म्हणजे आधी अंदाज न येणाऱ्या, संख्या लागतात: खेळात फासे टाकायला, हवामानाच्या किंवा वाहतुकीच्या प्रतिकृती चालवायला. यंत्र स्वतः मात्र पक्कं नियमाने चालणारं. मग वरवर विस्कळीत दिसेल अशी नियमबद्ध मालिका बनवावी लागते. लेहमरची युक्ती अशी: एक संख्या घ्या, ठरलेल्या गुणकाने गुणा, मूळ संख्येने भागून बाकी ठेवा, तीच तुमची पुढची संख्या. १९६९ मध्ये लुईस, गुडमन आणि मिलर यांनी आयबीएमच्या ३६० मालिकेतल्या यंत्रांसाठी भाजक म्हणून आपली संख्या आणि गुणक म्हणून १६,८०७ घेतला. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी याच जोडीला किमान प्रमाण म्हणून पुढे केलं. सी++ भाषेच्या प्रमाणित संचात ती आजही आहे. १ पासून सुरू केलं तर मालिका अशी जाते: १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८...

हीच जोडी का? भाजक मूळ असला की गुणत राहिलं तरी ० कधीच येत नाही आणि मालिका कधी ना कधी सुरुवातीला परत येते. प्रश्न असतो, किती उशिरा. ७ भाजक घेऊन ३ ने गुणत गेलं तर १, ३, २, ६, ४, ५ असे सगळे सहा येतात. २ ने गुणलं तर १, २, ४ वर फेरी संपते. आपल्या संख्येबाबत ७ हा उत्तम गुणक आहे, आणि १६,८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. त्याने गुणत गेलं की १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा आणि एकदाच येते, मगच १ परततो. भाजक मूळ नसता तर इतकी लांब फेरी कुठल्याही गुणकाने मिळाली नसती.

उलट एक फार वाईट गुणक म्हणजे ज्या २ मधून ही संख्या जन्मली तोच. त्याची फेरी फक्त ३१ पावलांची, हे ऑयलरच्या हिशेबातच आलं होतं. बिटांत बघितलं तर २ ने गुणणं म्हणजे एकतीस बिट एक घर डावीकडे सरकवणं, आणि डावीकडून पडलेला बिट उजव्या टोकाला आणून बसवणं. यादृच्छिक असं त्यात काहीच नाही.

ही संख्या भाजक म्हणून आवडती असण्याचं आणखी एक कारण आहे. संख्येतल्या अंकांची बेरीज करून ९ ची बाकी काढणं आपल्याला येतं. ते चालतं, कारण १० ला ९ ने भागल्यावर बाकी १. इथे २ च्या ३१व्या घाताला आपल्या संख्येने भागल्यावर बाकी १. त्यामुळे भागाकार करायचाच नाही: मोठ्या संख्येचे खालचे ३१ बिट आणि वरचे उरलेले बिट वेगळे काढून बेरीज करायची. वरच्या मालिकेत तिसरी संख्या काढताना गुणाकार येतो ४७४७५६१५०९९४३. त्याचा वरचा भाग २,२१०, खालचा भाग १,६२,२६,४७,८६३. बेरीज १,६२,२६,५०,०७३, आणि तीच मालिकेतली तिसरी संख्या. कॉम्प्युटरला भागाकार महाग आणि बेरीज स्वस्त, त्यामुळे हा सौदा फायद्याचा. (पासवर्ड किंवा बँकेच्या कामाला ही मालिका वापरू नये. एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.)

याच स्वस्त बेरजेमुळे गेल्या काही वर्षांत ही संख्या एका नव्या क्षेत्रात आलीय. मोठा हिशेब बरोबर झालाय हे तो पुन्हा न करता पटवून देणाऱ्या सिद्धता असतात, ब्लॉकचेनवाल्यांना त्यांची फार गरज. तिथे संख्यांचा असा संच लागतो जो अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा करत जाता येईल. आपल्या संख्येचा गुणाकारी संच (० सोडून उरलेल्या सगळ्या बाक्या) आहे २,१४,७४,८३,६४६ चा, म्हणजे २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. यात २ एकदाच आहे. एकदा अर्धं केलं की खेळ खल्लास. यावरचा तोडगा २०२४ मध्ये ‘सर्कल स्टार्क’ या नावाने मांडला गेला: सरळ संख्यांऐवजी वर्तुळ घ्या.

वर्तुळ म्हणजे कागदावरचं नव्हे. ज्या दोन बाक्यांच्या वर्गांची बेरीज १ येते, अशा जोड्यांचा संच. भाजक ७ असेल तर अशा जोड्या आठ: (०,१), (०,६), (१,०), (६,०), (२,२), (२,५), (५,२), (५,५). ५ आणि ५ चे वर्ग मिळून ५०, त्याला ७ ने भागून बाकी १, बरोबर. भाजक ७, बिंदू ८. ज्या मूळ संख्येला ४ ने भागून बाकी ३ उरते तिच्या वर्तुळावर नेहमी तिच्याहून एक बिंदू जास्त असतो. मर्सेन मूळ संख्येत एक मिळवला की काय होतं? २ चा निव्वळ घात. आपल्या वर्तुळावर बरोबर २ चा ३१वा घात इतके बिंदू आहेत, आणि तो संच एकदा नाही, ३१ वेळा अर्धा करता येतो. या संख्येबद्दल मला ठाऊक असलेल्या गोष्टींत ही मला सर्वांत आवडते: वजा एकने तिला मूळ केलं आणि अधिक एकने कामाची.

साखळी कुठे तुटते

घातांक म्हणून मर्सेन मूळ संख्याच वापरली तर? २ वरून ३ मिळतात, ३ वरून ७, ७ वरून १२७, आणि १२७ घातांक घेऊन लुकासची ३९ अंकी संख्या. सगळ्या मूळ. दुसरी साखळी ५ पासून निघते: ५ वरून ३१, ३१ वरून आपली संख्या. मग २,१४,७४,८३,६४७ घातांक घेऊन पुढची?

त्या संख्येला ६४ कोटींहून जास्त अंक आहेत, आजच्या विक्रमी संख्येच्या पंधरा पटींहून जास्त. तरी तिचा निकाल लागलाय, तोही १९८३ मध्येच, कारण ऑयलरची पहिली चाळणी इथेही लागू पडते: कुठलाही मूळ भाजक आपल्या संख्येच्या दुपटीच्या पटीहून १ ने मोठा असायला हवा. त्या पटी एकामागून एक तपासत गेल्यावर ६८,७४५व्या पटीला २९५२५७५२६६२६०३१ हा भाजक सापडला. दुसरी साखळी तिथे तुटली. पहिल्या साखळीत लुकासच्या संख्येनंतर येणारी संख्या मूळ आहे की नाही, हे अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. तिच्या अंकांची संख्या लिहायलाच ३८ अंक लागतात, त्यामुळे लुकास-लेहमर कसोटी तिथे निरुपयोगी आहे. एखादा लहान भाजक हाती लागला तरच निकाल लागेल, आणि आजवरच्या शोधात तो लागलेला नाही.